वाचकांचे प्रश्न : आधी स्क्रू ड्रायव्हर, मग रेडिओचा मेनू

मागच्या अंकात रिमोटच्या विमानांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शेवटी सहज म्हटलं की काही अडलं तर विचारा, तर लोकांनी खरंच विचारलं. निम्म्याहून जास्त पत्रं नाशिक आणि आजूबाजूचीच आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचा घोळ एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे ट्रान्समीटरचं सेटिंग. आपल्याकडे त्याला सगळे रेडिओच म्हणतात, मीही तेच म्हणणार. नवख्यांसाठी चार शब्द : सर्व्हो म्हणजे विमानाची पाती हलवणारी छोटी मोटर आणि आर्म तिच्यावरची दांडी. एलेरॉन ही पंखांच्या मागच्या कडेची पाती, एलेव्हेटर शेपटीचं आडवं हलतं पातं, रडर उभं. थ्रॉटल म्हणजे मोटरचा वेग आणि प्रॉप म्हणजे तिच्यावरचा पंखा.

प्रश्न : काका, मी सनबोर्डचं १ मीटर पंखाचं ट्रेनर (शिकायचं विमान) बनवलंय आणि फ्लायस्कायचा एफएस-आय६ रेडिओ घेतलाय. बाइंड झालं, म्हणजे रेडिओ विमानाशी जोडला गेला, सगळं हलतंय. पण मेनू उघडला की रिव्हर्स, एंड पॉइंट, सबट्रिम, ड्युअल रेट, काय काय दिसतं, सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. सर्व्होचे आर्म तिरके उभे राहतात म्हणून सबट्रिम ८० पर्यंत नेला तरी एक एलेरॉन वरच राहतोय.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सिडको

उत्तर : पहिलं काम, प्रॉप काढ. पुढचं वाचायच्या आधी काढून ये, मी थांबतो. टेबलावर सेटिंग करताना चुकून थ्रॉटलला हात लागतो आणि ८ इंची प्रॉप बोटाला काय करतो ते ज्याने एकदा पाहिलंय तो परत कधी प्रॉप लावून मेनूत शिरत नाही.

आता सबट्रिम, म्हणजे सर्व्होचा मध्य मेनूतून सरकवणं, तो ८० चा शून्यावर आण. सगळे ट्रिम (स्टिकशेजारची बारकी बटणं) पण मधे. खरं तर मॉडेल रिसेट करून कोऱ्या पाटीनेच सुरू कर. आधी रेडिओ चालू, मग विमानाची बॅटरी, आणि बंद करताना बरोबर उलटं, आधी विमान मग रेडिओ. स्टिक मधे असली की विमानातला रिसीव्हर सर्व्होला १५०० मायक्रोसेकंदाचा पल्स देतो, तो सर्व्होचा मध्य. पूर्ण इकडे साधारण १०००, पूर्ण तिकडे २०००. आता सर्व्हो मध्यावर उभा आहे ना, तर आर्मचा बारका स्क्रू काढ, आर्म उपटून घे आणि पुशरॉडशी, म्हणजे सर्व्होपासून एलेरॉनकडे जाणाऱ्या तारेशी, ९० अंश होईल असा परत बसव. अगदी ९० येणारच नाही कारण त्या ९ ग्रॅमच्या सर्व्होच्या दांड्याला विशीच्या आसपास दाते असतात, म्हणजे एक दाता सरकवला की आर्म १७-१८ अंश फिरतो. दोन बाजूंचा आर्म असेल तर उलटा फिरवून दुसरी बाजू लावून बघ, कधीकधी ती जास्त नीट बसते. जवळात जवळचा दाता पकडलास की फरक ८-९ अंशांच्या आतच राहतो, आणि तेवढ्यासाठी सबट्रिम असतो. तुझ्यासारखा ८० टाकला की सर्व्हो एका बाजूला आधीच पळून बसलेला असतो, मग त्या बाजूला त्याला जागाच उरत नाही, एलेरॉन वर १५ मिमी जातो आणि खाली ६ मिमीला अडकतो, आणि विमान डावीकडे वेगळं वळतं, उजवीकडे वेगळं.

आर्म सरळ झाला तरी एलेरॉन पंखाच्या लायनीत आला नसेल तर पुशरॉडची लांबी बदल. सायकलच्या स्पोकचा पुशरॉड केला असशील तर त्यात व्ही आकाराचा एक वाक आधीच ठेवायचा, पकडीने दाबला की रॉड लांब, उघडला की आखूड. इथपर्यंत मेनूला हातच लावायचा नाहीये.

मग रिव्हर्स. विमानाच्या मागे उभा राहा, तोंड विमानाचं आणि तुझं एकाच दिशेला. स्टिक उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली. स्टिक आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की रडरची मागची कड उजवीकडे. जे उलटं जाईल तेवढंच चॅनल (प्रत्येक हालचालीचं चॅनल वेगळं) मेनूतून रिव्हर्स करायचं.

इथे माझी एक फजिती सांगतो, कारण हे सगळं मला चांगलं ठाऊक असून झाली. आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर एलेरॉनचा जळका सर्व्हो बदलला, स्टिक हलवली, एलेरॉन हलला, बायको म्हणाली आता आवरा, आवरलं. सकाळी मखमलाबादकडच्या एका शेताजवळ विमान हातातून सोडलं, जरा डावीकडे कललं म्हणून उजवीकडे स्टिक दिली तर अजून डावीकडे, अजून उजवीकडे दिली तर पार आडवं, आणि तीन सेकंदांत शेजारच्या द्राक्षबागेत. बागेत विमान पडणं म्हणजे काय ते नाशिककराला सांगायला नको, वर मांडवाच्या तारा, खाली चिखल, आणि पंखाचं फोम त्या तारांनी सुरीने कापल्यासारखं कापलं होतं. बागवाले दादा शांतपणे म्हणाले, "आम्ही कात्रीने छाटतो बरं का." मी टेबलावर एलेरॉन हलतोय एवढंच बघितलं होतं, कुठल्या बाजूला हलतोय ते नाही. नवा सर्व्हो जुन्याच्या उलटा फिरत होता, बस. तुझ्या पत्रातपण "सगळं हलतंय" असंच लिहिलंयस, म्हणून एवढं लांबण लावलं.

यानंतर एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होने टोकाला किती जायचं त्याची हद्द. स्टिक पूर्ण टोकाला नेऊन कान दे, सर्व्हो घूंऽऽ करत राहिला म्हणजे तो कशाला तरी अडून ढकलतोय, करंट खातोय, गरम होतोय. तिथे एंड पॉइंट कमी कर. पण एलेरॉन फारच जास्त हलतोय म्हणून एंड पॉइंट ५० वर आणायचा, असं करू नकोस. त्याऐवजी पुशरॉड सर्व्होच्या आर्मवर आतल्या भोकात घाल आणि एलेरॉनच्या हॉर्नवर (एलेरॉनला लावलेली भोकांची पट्टी) बाहेरच्या. म्हणजे सर्व्हो पूर्ण फिरेल, एलेरॉन कमी हलेल, ताकद वाढेल आणि भोकाभोवतीची जी ढिलाई असते ती एलेरॉनपर्यंत कमी पोचेल. मेनूतून निम्मं केलंस तर ढिलाई तेवढीच राहते आणि हालचाल निम्मी होते, म्हणजे डगमग दुपटीने जाणवणार. १ मीटरच्या ट्रेनरला एलेरॉन आणि एलेव्हेटर दोन्हीकडे १०-१२ मिमी पुरे, शाळेची पट्टी लावून मोज. अंदाजपंचे नको.

आणि हो, त्या रेडिओत सेटिंग सेव्ह करायला कॅन्सलचं बटण दाबून धरावं लागतं. ओके दाबून बाहेर पडलास आणि सगळं उडालं असं झालं तर घाबरू नकोस, सगळ्यांचं पहिल्या दिवशी होतं.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे, दहावीच्या मार्कांवर विमान कबूल केलं होतं. दुकानदार विचारतात मोड १ पाहिजे की मोड २, मुलाला पण माहीत नाही. काय घेऊ?
– एक आई, सिन्नर

उत्तर : ताई, मोड २ घ्या. डाव्या स्टिकला थ्रॉटल आणि रडर, उजव्या स्टिकला एलेव्हेटर आणि एलेरॉन. मोड १ मधे थ्रॉटल आणि एलेव्हेटरची अदलाबदल असते. दोन्हीत वाईट काही नाही, पण आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वरच उडवतात आणि मुलाला शिकवणारा जो कोणी भेटेल त्याला संकटात रेडिओ हातात घेता आला पाहिजे, मोड वेगळा असेल तर तोही गोंधळेल. नंतर मेनूतून बदलू असं दुकानदार म्हणाले तर ते अर्धंच खरं, कारण थ्रॉटलची स्टिक जिथे सोडू तिथे राहते आणि बाकीच्या स्प्रिंगने मधे येतात, ती स्प्रिंग आतून बदलावी लागते.

प्रश्न : मी निवृत्त आहे, सातपूरच्या कारखान्यात टूलरूमला होतो. विमान नीट उडतं पण थ्रॉटल पूर्ण दिला की डावीकडे ओढतं आणि नाक वर करतं. म्हणून थ्रॉटल ते रडर असं १२ टक्के मिक्स टाकलं, म्हणजे थ्रॉटलबरोबर रडर आपोआप वळेल. आता चढताना बरं वाटतं पण वेगात सरळ जाताना उजवीकडे ओढतं. मिक्स किती ठेवावं?
– गंगापूर रोड

उत्तर : साहेब, शून्य. तुम्ही टूलरूमवाले म्हणून सरळ सांगतो, हा जॉब मशीनवर वाकडा बांधलाय आणि आपण तो प्रोग्रॅममधे सरळ करायला बघतोय.

मोटर एका दिशेने फिरली की विमानाला उलट पीळ बसतो, शिवाय प्रॉपच्या मागची हवा गोल फिरत जाऊन शेपटीच्या उभ्या पात्यावर एका बाजूने आदळते. मागून बघितल्यावर प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, जसा बहुतेक फिरतो, तर दोन्हींचा परिणाम डावीकडे. आता गंमत अशी की हा परिणाम वेग कमी आणि पॉवर जास्त असताना सगळ्यात जास्त असतो, म्हणजे हातातून सोडल्यावर आणि चढताना. वेग वाढला की तो कमी होतो आणि त्याच वेळी रडर मात्र जास्त जोरात लागू पडतो. तुमच्या मिक्सला वेग कळत नाही, त्याला फक्त स्टिक कुठे आहे ते कळतं, म्हणून चढताना बरोबर बसलेला आकडा वेगात जास्त होतो. आकडा कुठलाही टाका, दोन्हीकडे बरोबर बसणार नाही.

उपाय वॉशरचा. मोटरचं नाक मागून बघताना उजवीकडे २-३ अंश वळवायचं, म्हणजे डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली वॉशर. नाक वर करतं त्यासाठी मोटर थोडी खाली झुकवायची, वरच्या स्क्रूंखाली वॉशर. स्क्रूंमधलं अंतर २५ मिमी असेल तर १ मिमीच्या वॉशरला साधारण सव्वादोन अंश मिळतात, बाकीचा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा बरा कराल. मोटरचा माउंट विमानाच्या पुढून बसवला असेल तर हे असं, मागून असेल तर उलटं.

पण खाली झुकवायच्या आधी एक तपासा. अर्ध्या थ्रॉटलवर विमान सरळ ट्रिम करा, उंचीवर न्या आणि थ्रॉटल पूर्ण बंद. नाक हळूच खाली घालून शांत तरंगत आलं तर बॅलन्स ठीक आहे, वॉशरनेच काम होईल. एकदम डोकं खाली घालून निघालं आणि एलेव्हेटरला आधीच बराच वरचा ट्रिम द्यावा लागलेला असेल तर विमान पुढे जड आहे, तोच वरचा ट्रिम वेग वाढल्यावर नाक उचलतोय. मग बॅटरी मागे सरकवा. ट्रेनरचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत यायला पाहिजे. येवल्याच्या पोरांना हे न शिकवता कळतं, कन्नी बोटभर वर-खाली झाली की पतंग एकतर गोते खातो नाहीतर उठतच नाही आणि मांजा कितीही भारी असला तरी उपयोग नसतो. इथे रेडिओ म्हणजे तो मांजा.

प्रश्न : एका मित्राकडून जुना ४ चॅनलचा फुताबा घेतला. सर्व्हो सगळे चालतात पण इएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) नुसता बीप बीप करत बसतो, मोटर फिरतच नाही. इएससी गेला का?
– नाशिकरोड

उत्तर : गेला नसणार. फुताबाचं थ्रॉटल इतरांच्या उलटं चालतं, म्हणजे तू स्टिक खाली ठेवलीस तरी इएससीला ती फुल वाटते आणि तो सुरक्षिततेसाठी मोटर अडवून धरतो. प्रॉप काढून चॅनल ३, म्हणजे थ्रॉटल, रिव्हर्स कर. मग एकदा इएससीला पल्ला शिकवून घे : रेडिओ चालू, थ्रॉटल पूर्ण वर, मग विमानाला बॅटरी, दोन बीप आले की थ्रॉटल पूर्ण खाली, मग बॅटरीत जितके सेल तितके बीप आणि एक लांब बीप. काही रेडिओ थ्रॉटल वर असताना चालूच होत नाहीत, तिथे आधी खाली ठेवून चालू करायचा, मग वर न्यायचा. आणि जुना आहे म्हणतोस तर कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते बघून घे. क्रिस्टलवाला ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचा असेल तर त्याला नवे २.४ गिगाहर्ट्झचे रिसीव्हर चालणार नाहीत. लांबलचक ओढून काढायची अँटेना असली की समजायचं.

प्रश्न : एक्स्पो अधिक टाकायचा की उणे? दोन व्हिडिओत दोन सांगितलंय.
– इंदिरानगर

उत्तर : दोन्ही बरोबर. एक्स्पो म्हणजे स्टिक मधल्या भागात असताना हालचाल सौम्य करणं, आणि त्याचं चिन्ह कंपनीप्रमाणे बदलतं. चिन्ह विसर, स्क्रीनवरची रेघ बघ. मधल्या भागात रेघ आडवी पडली म्हणजे मधे हळू, टोकाला पूर्ण, आपल्याला तेच पाहिजे. मधेच उभी झाली तर उलटं झालंय, अशाने विमान हाताच्या कंपाने पण नाचेल. नवशिक्याला २५-३० टक्के. आणि ड्युअल रेट, म्हणजे हालचालीचा पूर्ण आणि कमी पल्ला, एका स्विचवर १०० आणि ६५-७० असे दोन ठेव, पहिल्या उड्डाणाला कमीवर सोड, पण स्विच कुठला ते बोटाला न बघता सापडलं पाहिजे.

प्रश्न : माझं विमान सिग्नल तुटून फुल थ्रॉटलमधे सरळ निघून गेलं ते गेलंच, दोन दिवस शोधलं, मिळालं नाही. परत असं होऊ नये म्हणून काय करू? जास्त रेंजचा रेडिओ घेऊ का?
– दिंडोरी

उत्तर : वाईट वाटलं वाचून. नवा रेडिओ नको, आहे त्यात फेलसेफ लावा. सिग्नल तुटला की रिसीव्हरने काय करायचं हे आधीच सांगून ठेवणं म्हणजे फेलसेफ, आणि पुष्कळ ठिकाणी ते आपण लावल्याशिवाय लागत नाही. एफएस-आय६ सारख्यात सिस्टीमच्या मेनूत आरएक्स सेटअप, त्यात फेलसेफ, तिथे चॅनल ३ ऑन करायचं, थ्रॉटलची स्टिक पूर्ण खाली धरायची आणि सेव्ह. बाकीची चॅनल्स मधे.

मग तपासा, नुसतं लावून विश्वास ठेवू नका. प्रॉप काढा, थ्रॉटल पावभर द्या, मोटर फिरू द्या आणि रेडिओ बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. काही रेडिओ विमानातला रिसीव्हर चालू असताना बंदच होत नाहीत, आधी रिसीव्हर बंद करा म्हणून ओरडत बसतात, तिथे रेडिओच्या मागचा एक सेल काढायचा. फेलसेफने विमान वाचेल असं मात्र समजू नका, ते पडणारच आहे, फक्त जवळ पडेल, मोटर बंद असताना पडेल आणि कोणाच्या अंगणात फिरता प्रॉप घेऊन शिरणार नाही.

सिग्नल का तुटला, ते पण शोधायला हवं. बहुतेक वेळा अँटेना. रिसीव्हरला दोन वायरी असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवा, बॅटरी आणि कार्बनच्या दांडीपासून लांब. त्यांचा शेवटचा ३ सेंटीमीटरचा उघडा तुकडा हीच खरी अँटेना, तो दुमडून टेपखाली दाबला की संपलं. आणि रेडिओच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखून धरायचं नाही, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो, तो आडव्या अंगाने पसरतो. बंदुकीसारखं नेम धरून उभे राहणारे मी कितीतरी बघितलेत. उडवायच्या आधी रेंज टेस्ट असेल त्या रेडिओत ती लावून ३० पावलं चालत जा आणि सगळे सर्व्हो न अडखळता हलतात का बघा, एकदा मोटर बंद ठेवून आणि एकदा कोणाला तरी विमान घट्ट धरायला लावून मोटर चालू ठेवून.

प्रश्न : नाशकात उडवायचं कुठे? ओझरला तर सुखोई बनतात, मग विमानाच्या गावातच आम्हाला बंदी का?
– पंचवटी

उत्तर : बनतात म्हणूनच. एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ पासून तिथे आहे, मिग तिथेच बनले आणि सुखोईपण, आणि त्याच धावपट्टीवर आता प्रवासी विमानंही उतरतात. शिवाय देवळालीला तोफखाना आणि नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं. त्यामुळे शहराचा आणि आजूबाजूचा बराच भाग तुमच्या-माझ्या फोमच्या विमानासाठी सोपा नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे सरकारच्या डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा असे भाग दाखवलेत, जायच्या आधी तो उघडून बघा. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. लाल असेल तर तिथून निघा, "फक्त पाच मिनिटं" म्हणून सुद्धा नको.

जागा हिरवी निघाली तरी शेतमालकाला आधी विचारा, आणि बाग नसलेलं शेत बघा, सोयाबीन निघाल्यावरचं मोकळं रान सगळ्यात छान. सकाळी ९ च्या आत, वारा उठायच्या आधी, सूर्य पाठीशी. संक्रांतीच्या आधीचा आठवडा घरी बसा. नायलॉन मांजा बंदी असून सुटतोच आणि मागच्या खेपेला माझ्या मोटरच्या दांड्यावर तो असा गुंडाळला गेला की बेअरिंगपर्यंत वितळून बसला होता, ब्लेडने खरवडून काढायला दुपार गेली.

उरलेली पत्रं, त्यात व्ही-टेलची (व्ही आकाराच्या शेपटीची) तीन आहेत, पुढच्या अंकात घेतो. ज्यांनी विमानाचे फोटो पाठवलेत त्यांनी सर्व्होच्या आर्मचा जवळून एक फोटो पाठवा, निम्मी उत्तरं मला त्यातच दिसतील.